गाडी कंपनीची, अर्थिंग घरचं

मरुदानल्लूरच्या त्या घरी चार्जर बसवायला आलेल्या वायरमननं गाडीकडे पाहिलंही नाही. त्यानं आधी ओट्यावरची मीटरची पेटी उघडली, फ्यूज काढून परत बसवले, आणि पेटीखालून भिंतीला धरून जमिनीत उतरणारी, हिरवी पडलेली तांब्याची तार दोन बोटांत धरून हलवली. तार सहज वर आली. खाली मातीत ती कधीच तुटली होती. किती वर्षांपूर्वी, ते घरात कुणालाच सांगता येईना. पंखे फिरत होते, फ्रिज चालत होता, ओल्या फरशीवर उभं राहून इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचं बटण रोज दाबलं जात होतं. घराला अर्थिंगच नाही, हे कळायला दारात विजेवर चालणारी गाडी यावी लागली.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘बदलतं घर’ असा विषय दिला, तेव्हा मला मीटरच्या पेटीपासून सुरुवात करावीशी वाटली. विजेच्या गाड्यांवर भरपूर लिहिलं जातं. किंमत, बॅटरी, एका चार्जमध्ये किती पळते, सगळं. पण ती गाडी रात्रभर ज्या भिंतीला जोडलेली असते त्या भिंतीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्यातून गाडी कंपनीनं दिलेली असेल तर एकीकडे शहरातल्या कचेरीत, पगाराच्या स्लिपवर ठरलेले निर्णय असतात आणि दुसरीकडे आजोबांच्या काळातलं वायरिंग. या दोन टोकांची गाठ कशी पडते ते पाहायला मी कुंभकोणम गाठलं.

गाव आणि घर

मरुदानल्लूर कुंभकोणमच्या दक्षिण अंगाला आहे. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना भातशेती लागते, मग नारळ, केळी आणि मध्येच एखादा पाटाचा पूल. गावाचं नाव तमिळ मुलखात ओळखलं जातं ते सद्गुरू स्वामींमुळे. बोधेंद्र स्वामी आणि श्रीधर अय्यावाळ यांच्यानंतर दक्षिणेकडच्या भजन संप्रदायाला ज्यांनी पद्धत घालून दिली, ते हे तिसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बांधून दिलेल्या क्रमानं आजही भजनं होतात आणि त्या क्रमात मराठी अभंगांना मानाची जागा आहे. तंजावरवर व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्या दरबाराचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि त्या काळी इकडे आलेल्या माणसांची मुलंबाळं कावेरीच्या खोऱ्यात अजून आहेत. जवळच गोविंदपुरमला २०११ मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ उभं राहिलं. तिथे पंढरपूरचा वारकरी डोळे मिटून उभा राहिला तर आपण तमिळनाडूत आहोत हे त्याला आठवायचं नाही.

ज्या घरी मी गेलो ते अशाच तंजावरी मराठी घरांपैकी एक. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. बायकोशी आणि थोरल्या बहिणीशी मराठी बोलतात, गावाशी तमिळ. मुलगा चेन्नईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीनं अर्धा महिना घरून काम करायची मुभा दिल्यापासून तो पंधरा दिवस चेन्नईत आणि पंधरा दिवस इथे असतो. चेन्नईत भाड्याचा फ्लॅट, खाली पार्किंगची एक जागा, तीही शेजारच्या स्कूटरींनी अर्धी खाल्लेली. तिथे चार्जर लावायला घरमालकाची, मग सोसायटीची परवानगी लागणार होती आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. म्हणून पहिला चार्जर बसला तो गावच्या घरी.

घर अग्रहारातलं. या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटून, दोन घरांत एकच भिंत. पुढे ओटा, आत चौक, मागे विहीर. रुंदीला कमी, लांबीला खूप. गाडी आत घ्यायला जागा नाही, फाटक नाही, अंगण नाही. गाडी उभी राहते ती ओट्यासमोर, पंचायतीच्या रस्त्यावर. माहितीपत्रकात चार्जरचं जे चित्र असतं त्यात बंगला असतो, शटर असतं, गाडीला छप्पर असतं. भारतातल्या बहुतेक घरांना यातलं काहीच नसतं, आणि तरी गाडी येतेच.

पगारातून आलेली गाडी

ही गाडी मुलाच्या नावावर नाही. नोंदणीच्या पुस्तकावर गाड्या भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीचं नाव आहे. तिनं गाडी विकत घेतली, मुलाच्या कंपनीला चार वर्षांच्या करारानं दिली आणि कंपनीनं ती मुलाला वापरायला दिली. दरमहाचं भाडं त्याच्या पगाराच्या एकूण रकमेतून, आयकर कापण्याआधीच वजा होतं. विमा आणि ठरावीक देखभाल त्या भाड्यातच येते. नंबरप्लेट हिरवी, अक्षरं पांढरी, म्हणजे खाजगी वापराची विजेची गाडी. टॅक्सी असती तर त्याच हिरव्यावर पिवळी अक्षरं असती.

हा खटाटोप कशासाठी, ते आयकराच्या नियमांत आहे. कंपनीची गाडी कामालाही वापरली आणि घरच्यासाठीही, तर त्या सोयीची किंमत किती धरायची याचा ठोकताळा १९६२ च्या आयकर नियमांनी घालून दिला. इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल आणि खर्च कंपनी करत असेल तर महिन्याला १,८०० रुपये, इंजिन त्याहून मोठं असेल तर २,४०० रुपये, ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. कर लागायचा तो या लहानशा रकमेवर. समजा, भाडं महिन्याला ३५,००० रुपये आहे आणि माणूस ३० टक्क्यांच्या पायरीवर आहे. ३५,००० वर कर भरण्याऐवजी तो १,८०० वर भरायचा. महिन्याला दहा हजारांच्या आसपास रक्कम वाचायची. नव्या करपद्धतीत बाकीच्या बहुतेक सवलती गेल्या तरी ही सोय राहिली, म्हणून गेल्या काही वर्षांत पगारदारांनी तिचा हात घट्ट धरला.

गंमत म्हणजे हे सगळे आकडे इंजिनाच्या लिटरांत मोजलेले आणि विजेच्या गाडीला इंजिनच नसतं. नियम लिहिले तेव्हा अशी गाडी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. कंपन्यांच्या हिशोब विभागांनी आपापल्या सल्लागारांना विचारलं आणि बहुतेकांनी तिला लहान इंजिनाच्या पायरीवर बसवलं. लाखो माणसांच्या करावर परिणाम करणारी गोष्ट अशी अध्याहृत ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या आयकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. हा करार मात्र जुन्या आकड्यांवर बेतलेला.

बाकी गोष्टी विजेच्या गाडीच्या बाजूनंच होत्या. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, चार्जरवरही तेवढाच. तमिळनाडूच्या २०२३ च्या धोरणानं २०२५ अखेरपर्यंत रस्ता कर पूर्ण माफ ठेवला. कर्ज काढून स्वतः गाडी घेणाऱ्याला व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारं ८०ईईबी हे कलम होतं, पण ते ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच. त्यानंतर स्वतः घेणं आणि कंपनीकडून घेणं यांतलं अंतर आणखी वाढलं.

मुलानं सगळा हिशोब एका कागदावर मांडून वडिलांना दाखवला होता. बँकेत उभं आयुष्य गेलेल्या वडिलांनी तो तपासला आणि एकच प्रश्न विचारला: नोकरी सोडलीस तर? करारात त्याचं उत्तर आहे. गाडी परत करायची आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड भरायचा, किंवा उरलेली किंमत भरून ती स्वतःच्या नावावर करायची, किंवा नव्या कंपनीनं करार उचलायचा. तिन्हींपैकी कुठल्याही वाटेत चार्जरचा उल्लेख नाही. तारेचा नाही, खड्ड्याचा नाही. तो खर्च घराचा.

कोलमच्या आधी

गाडी ४५ युनिटच्या बॅटरीची नेक्सॉन. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या बिलावरचं एक युनिट, म्हणून तिच्या पोटात ४५ युनिटं मावतात असं घरात सगळे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. प्रमाणित चाचणीत ती ४८९ किलोमीटर जाते. रोजच्या रस्त्यावर ३५० ते ३७० जाईल असं गाडी बनवणारी कंपनी स्वतःच सांगते. चेन्नईहून इथे यायला तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. तरी मुलगा विक्रवंडीच्या जवळ थांबतो, कॉफी पितो, तेवढ्यात गाडीही थोडी भरून घेतो. घरी पोचते तेव्हा निम्म्याहून खाली आलेली असते.

साध्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर ती रिकामी ते पूर्ण भरायला पंधरा तासांच्या पुढे लागतात. तो प्लग गीझरसाठी केलेला आहे. गीझर वीस मिनिटांत बंद होतो. रात्र रात्र पूर्ण ताणावर चालायचं त्याला सवयीचं नाही. सैल झालेल्या सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास येतो. म्हणून भिंतीवरचा चार्जर: एका फेजवर ३२ अँपिअर, म्हणजे ७.२ किलोवॉट. इथल्या गल्लीत मात्र संध्याकाळी व्होल्टेज दोनशेच्या आसपास उतरतं. अँपिअर तेवढेच राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात ६.४ किलोवॉट मिळतात. रात्री अकरानंतर शेजारचे एसी स्थिरावले की दाब सुधारतो.

रात्री अकरा ते पहाटे साडेचार, ही वेळ मुलाच्या आईनं ठरवली. पहाटे ओट्यासमोर सडा पडतो आणि कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, काढला जातो. गाडी जिथे उभी राहते नेमकी तीच ती जागा. तेव्हा साडेचारला केबल सुटली पाहिजे, गाडी चार हात पुढे गेली पाहिजे. साडेपाच तासांत चाळीसच्या आत-बाहेर युनिटं भरतात, तेवढी पुरतात. मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला, त्याच पहाटे भजनं म्हणत मंडळी गल्लीतून जातात. त्या महिन्यात गाडी रात्रीच टोकाला नेऊन ठेवायची आणि चार्जिंग दुपारी करायचं, असं ठरलं आहे. चार्जरच्या अॅपमध्ये वेळापत्रक लावता येतं आणि या घराचं वेळापत्रक पंचांग बघून लावलं जातं.

केबल पाच मीटरची. ओट्याच्या खांबापासून ती सरळ गाडीपर्यंत आली पाहिजे, रस्ता ओलांडता कामा नये, ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात येता कामा नये. वायरमननं खांबाच्या आतल्या बाजूला, कमरेच्या वर पण मुलांच्या हाताला सहज लागणार नाही अशा उंचीवर पेटी धरली, तीन वेळा वरखाली केली आणि घरातल्या बायकांना विचारून मग भोक पाडलं. विचारणं महत्त्वाचं होतं. ओट्यावर दुपारी भाजी निवडली जाते, पाहुणे टेकतात, पावसात शेजारची सायकल येऊन उभी राहते. ओटा कुणा एकाचा नसतो.

माती

अर्थिंगचं काम एका दिवसाचं नव्हतं.

चार्जर चालू होताना आधी तपासणी करतो. फेज आणि न्यूट्रल आपल्या जागी आहेत का, अर्थ खरंच जमिनीला टेकलेली आहे का. नसेल तर लाल दिवा लावतो आणि वीज सोडत नाही. अनेकांना वाटतं चार्जर बिघडला. मग कुणी तरी ‘जुगाड’ सुचवतं: अर्थ आणि न्यूट्रल आतून जोडून टाका, चार्जर फसतो. फसतो खरा. पण न्यूट्रलची तार खांबावर तुटली तर त्या क्षणी गाडीच्या पत्र्यावर वीज उतरते. गाडी रबरी टायरवर उभी, जमिनीपासून तुटलेली. पावसाचं पाणी साचलंय, आणि कुणी तरी अनवाणी पायानं दाराच्या मुठीला हात लावतं. हे लिहिताना मला शब्द सौम्य करावेसे वाटत नाहीत. ही जोडणी कुणीही, कधीही करू नये, आणि करून देतो म्हणणाऱ्याला घराबाहेर काढावं.

विहिरीपासून लांब, मागच्या दारी वायरमननं खड्डा घेतला. तांब्याचा मुलामा दिलेली लांब सळई उभी उतरवली, भोवती मातीत ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची भुकटी भरली, वर झाकणाची छोटी पेटी केली. पूर्वी मीठ आणि कोळसा भरत. ते चालतं, पण मीठ धातू खातं. आधीची तार तशीच खाल्ली गेली होती. मागच्या दारापासून पुढच्या खांबापर्यंत घराची सगळी लांबी ओलांडून अर्थची तार आली, तिच्या शेजारून मीटरपासून सहा एमएमची तांब्याची फेज आणि न्यूट्रल. चार्जरसाठी वेगळा एमसीबी आणि वेगळी आरसीसीबी. आरसीसीबी जाणारी आणि परत येणारी वीज मोजते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणाच्या अंशात तोडते, कारण तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेलेला असू शकतो. विजेच्या गाडीसाठी तिचा ए टाइप लागतो. गाडीतल्या यंत्रामुळे गळती साध्या लाटेची नसते, आणि स्वस्तातली एसी टाइप तिथे आंधळी ठरू शकते. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी, रंगरूपानं सारख्या. किमतीत फरक आहे, आणि तो द्यावा.

मीटर लावून मोजलं तर रोध पाच ओहमच्या बराच आत आला. सगळे खूश झाले. वायरमन झाला नाही. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस नुकता पडून गेला होता, शेतं भरलेली होती, विहिरीचं पाणी हाताला लागत होतं. कावेरीच्या गाळाची ही चिकणमाती ओली असते तेव्हा वीज सहज गिळते. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं आणि २८ जानेवारीला बंद होतं. त्यानंतर चित्रैपर्यंत, म्हणजे चैत्र-वैशाखापर्यंत, हीच शेतं भेगाळतात. खरी परीक्षा तेव्हाची. मी एप्रिलात परत येऊन मोजणार, त्याचे पैसे घेणार नाही, असं त्यानं सांगितलं. मराठवाड्यात, विदर्भात ज्यांचं घर मुरमावर आहे त्यांनी हा मुद्दा आणखीच लक्षात ठेवावा. अर्थिंग पावसाळ्यात मोजून समाधान मानू नये.

या साऱ्यात गाडीवाल्या कंपनीचा माणूसही येऊन गेला होता. त्याच्या यादीत विजेच्या मीटरपासून चार्जरपर्यंत तारेची ठरावीक लांबीच धरलेली होती. तिच्यापुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे, अर्थिंगचे वेगळे. लांबट घरात ती लांबी पहिल्या चौकातच संपते.

पांढरं कार्ड

तमिळनाडूत वीज मंडळाला सगळे अजून ‘ईबी’च म्हणतात. २०२४ पासून वितरण कंपनीचं नाव बदललं, फलक बदलले, बोलण्यातलं नाव राहिलं. मीटरजवळ एक पांढरं कार्ड असतं. मीटर पाहणारा माणूस दर दोन महिन्यांनी येऊन त्यावर आकडा लिहितो. पहिली १०० युनिटं प्रत्येक घराला फुकट.

पुढचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२२ च्या दरपत्रकात दोन महिन्यांचा वापर ५०० युनिटांच्या आत असेल तर शंभर ते दोनशेपर्यंत सव्वादोन रुपये युनिट, चारशेपर्यंत साडेचार. ५०० ओलांडले की पुढच्या युनिटांना आठ, नऊ, दहा असा दर लागतोच, शिवाय मधला सव्वादोनचा टप्पाही जातो. या घराचा वापर दोन महिन्यांना ३०० युनिटांच्या आसपास होता. त्या दरानं ६७५ रुपये. गाडी महिन्याला हजार किलोमीटर घरच्या विजेवर पळवली तर दोन महिन्यांत ३२० युनिटं वाढतात. एकूण ६२०. त्याचं बिल २,९३० रुपये. म्हणजे गाडीच्या विजेला युनिटमागे सात रुपये पडले, किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत. त्यानंतर दर काहीसे वाढले, पण चित्र तेच. शंभरीला टेकलेलं पेट्रोल टाकून लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे साडेसहा-सात रुपये लागतात.

अडचण वेगळीच निघाली. मुलाच्या कंपनीत पेट्रोलची पावती दिली की पैसे मिळत. विजेची पावती कुठून आणायची? ईबीचं बिल वडिलांच्या नावावर. त्यात फ्रिज आहे, पंखे आहेत, आत्याच्या खोलीतला एसी आहे. हिशोब विभाग ते बिल परत पाठवतो. चार्जरच्या अॅपमध्ये प्रत्येक रात्रीची युनिटं नोंदलेली असतात, पण युनिटाचा दर कुठला धरायचा, सरासरी की शेवटच्या टप्प्याचा? शेवटी कंपनीनं किलोमीटरवर एक ठरावीक रक्कम मान्य केली. इतक्या मोठ्या कंपन्या घरच्या चार्जिंगचा साधा, सर्वांना लागू होईल असा नियम का करत नाहीत, हे मला समजत नाही. गाड्यांची यादी त्यांनी किती तत्परतेनं काढली.

दुसरा उपाय स्वतंत्र जोडणीचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या नेहमीच्या जोडणीवरच गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि ग्राहकानं मागितल्यास गाडीसाठी वेगळी जोडणी देणं वितरण कंपनीवर आलं. त्याच दुरुस्तीनं नवी जोडणी महानगरात तीन, नगरपालिकेच्या हद्दीत सात आणि गावात पंधरा दिवसांत द्यायची मुदत घातली. वडिलांनी आधी मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज केला. तो टाळून चार्जर लावणारे पुष्कळ आहेत. मीटरपर्यंतची तार, खांबावरचा फ्यूज, गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर, सगळं त्या कागदावरच्या आकड्याच्या भरवशावर बसवलेलं असतं. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर एकच असा चार्जर नवव्या हिश्श्याहून अधिक भार टाकतो. एकानं न सांगता लावला तर संध्याकाळी गल्लीचे दिवे मंदावतात, दोघांनी लावला तर फ्यूज जातो.

वादळाच्या दिवसांत

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे एक लाखाहून अधिक खांब पडले, आणि या पट्ट्यातल्या कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. त्यामुळे इथल्या माणसाला विजेच्या गाडीबद्दल पहिला प्रश्न पडतो तो हाच: करंट गेला तर?

उत्तर दोन्हीकडून देता येतं. वीज नाही तर गाडी भरत नाही, हे खरं. पेट्रोल पंपही विजेवरच चालतो, पण त्याच्याकडे जनरेटर असतो. दुसऱ्या बाजूनं, दिवसाला पाच युनिटं लागणाऱ्या घरासमोर चाळीस युनिटं साठवलेली गाडी उभी आहे. या गाडीतून बाहेर वीज घेण्याची सोय आहे. एक फ्रिज, चार दिवे, दोन पंखे आणि सगळ्यांचे फोन आठवडाभर निघतील. ती वीज गाडीच्या अडॅप्टरमधून थेट त्या-त्या यंत्राला द्यायची. घराच्या बोर्डात उलटी सोडायची नाही. तशी सोडली तर ती मीटरमधून बाहेर, तारेवर चढते आणि वादळानंतर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. तार मेलेली आहे असं समजूनच तो चढलेला असतो. वायरमननं हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी आत्यालाही, वेगवेगळं बसवून सांगितलं.

विजा इथे ऐप्पसी-कार्तिकात फार पडतात. त्यासाठी बोर्डात विजेचा झटका अडवणारं सर्ज प्रोटेक्टर बसवलं आणि ढग गडगडायला लागले की गाडीची केबल काढून ठेवायची असा घरचा नियम झाला.

पुणे, इंग्लंड

पुण्यातल्या ओळखीच्या घरांत अडचण उलटी आहे. तिथे अर्थिंग बरं असतं, व्होल्टेज बरं असतं, गाडीला छप्परही असतं. पण मीटर एका टोकाच्या खोलीत आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला. साठ-सत्तर मीटर केबल ओढायची तर ती सामाईक छतावरून जाते, आणि तिथे सोसायटीची सभा बसते. अग्निशमनाची भीती, ‘उद्या सगळेच मागतील’ ही भीती. सगळे मागतीलच. तेव्हा एकेकाची केबल ओढण्याऐवजी एकदाच पार्किंगपर्यंत मोठी केबल नेऊन तिथून फाटे काढणं स्वस्त पडतं, आणि ज्या सोसायट्यांनी हे पहिल्या अर्जालाच ओळखलं त्यांचे वाद मिटले.

इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांत कंपनीची विजेची गाडी इतकी सर्रास झाली आहे की मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये पेट्रोलची गाडी शोधावी लागते. कारण तेच, कर. तिथे कंपनीच्या गाडीचं करपात्र मूल्य तिच्या किमतीच्या टक्क्यांत मोजतात. विजेच्या गाडीला ते २०२४-२५ पर्यंत २ टक्के होतं आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी एकेक टक्का चढतं. पण त्यांनी घराकडेही पाहिलं. जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या घराला चार्जरची जागा सक्तीची झाली. त्याच महिन्यापासून विकला जाणारा घरचा चार्जर ऐन गर्दीच्या वेळी आपणहून चालू होणार नाही, आणि रात्री सगळे एकाच ठोक्याला चालू होऊन जाळ्यावर धक्का बसू नये म्हणून काही मिनिटं पुढे-मागे करेल, असा नियम आला. आपल्याकडे ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर दहा गाड्या येण्याआधी असाच नियम हवा. मी तो आजच मागतो आहे.

चार वर्षांनी

करार संपेल तेव्हा गाडी परत जाईल किंवा उरलेल्या किमतीला मुलगा ती घेईल. चार्जर, सहा एमएमची तार, मागच्या दारचा खड्डा इथेच राहील. वडिलांनी चार्जरची पावती आणि हमीपत्र स्वतःच्या नावानं करून घेतलं. बँकेतला माणूस, मालकी कुणाची हे त्याला आधी दिसतं. अर्थिंग झाल्यावर त्यांनी घरातले जुने दोन पिनांचे सॉकेट काढून सगळीकडे तीन पिनांचे बसवले आणि ग्राइंडर त्यांतल्या पहिल्यावर लावला. या खर्चापैकी कंपनीकडून काही आलं नाही आणि येणार नाही.

गल्लीत तिसऱ्या घरातल्या मुलीलाही तिच्या कंपनीनं अशीच गाडी देऊ केली आहे. तिच्या घरचे विचारायला आले, तेव्हा वायरमन ओट्यावरच बसला होता. गाडीचा रंग ठरवायच्या आधी मला मीटर दाखवा, असं त्यानं त्यांना सांगितलं, आणि या महिन्यातच ईबीत भार वाढवायचा अर्ज टाका, कारण ट्रान्सफॉर्मर तोच आहे.